सुरांचे दप्तर

केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरातील गायकवृंदाच्या ध्वनिमुद्रिका क्रमाने ऐकावयास बसले म्हणजे, सहाव्या हेन्री राजाने १४४१ साली स्थापिलेल्या त्या संस्थेचे खरे वैभव तिच्या उत्तुंग दगडी छतापेक्षा तिने जतन केलेल्या स्वरांत आहे, असे मला वाटू लागते. सोळा बालकंठांची पंक्ती वर, प्रौढ गायकांच्या तीन पंक्ती खाली, आणि चारही परस्परांत मिसळून गेल्या तरी शब्द मात्र स्वच्छ. डेव्हिड विलकॉक्स यांनी १९५७ ते १९७४ या काळात या वृंदाकडून जो निष्कंप, निर्मळ स्वर घडवून घेतला, त्याचा दाखला अल्लेग्रीच्या 'मिझेरेरे'च्या १९६३ च्या मुद्रणात मिळतो. रचना इटालियन, शब्द इंग्रजी. आणि रॉय गुडमन हा बालक तारस्वराच्या शिखरावर इतक्या सहज जाऊन पोहोचतो, की मंदिरात रेंगाळणारा प्रतिध्वनी त्याच्याच कंठाचा अंश वाटावा. या निर्दोषतेत भावनेची ऊब उणी पडते, हा आक्षेप मला काही अंशी मान्य आहे. परंतु आक्षेप घ्यावयास, आणि स्टीफन क्लिओबरी यांच्या पुढील काळातील गायनाशी त्याची तुलना करावयास, पुरावा हाताशी आहे.

मराठी ख्रिस्ती गीताविषयी असे बोलता येत नाही. मिशनऱ्यांनी आरंभी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसविले. त्या चालींतील आघात आमच्या ऱ्हस्वदीर्घांशी जुळेनात, आणि उपासक स्वभाषेतच परका होई. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन यांच्या वाटेने ही कोंडी फोडली. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात ज्यांना 'बालकवी' हे नाव मिळाले, ते धरणगावचे ठोंबरे पुढे अहमदनगरास टिळकांच्याच घरी राहिले; १९१८ च्या मे महिन्यात जळगावनजीक भादली स्थानकापाशी त्यांचा अंत झाला, आणि पुढल्याच मे महिन्यात टिळकही गेले. त्याच १९१८ च्या नाताळात किंग्जमध्ये नऊ वाचने व नाताळगीते यांचा विधी सुरू झाला, आणि १९२८ साली तो नभोवाणीवरून प्रथम ऐकविला गेला. टिळकांच्या घरी भजन कोणत्या लयीत चाले, झांज कोठे विसावे, याचा एकही स्वर माझ्या कानी आलेला नाही. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात शब्द आहेत, श्वास नाही.

ही उणीव धुळ्यात अधिकच बोचते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून रुमालांत बांधलेली दप्तरे मिळविली आणि अखेर याच नगरीत देह ठेवला. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी बाडे जमवून वाग्देवता मंदिरात ठेविली. कागदाच्या तुकड्यासाठी इतकी तळमळ ज्या मातीने दाखविली, तिने कंठातील चाली वाऱ्यावर सोडाव्यात, याचे मला मनस्वी दुःख होते. हल्ली निघणाऱ्या मुद्रणांपैकी जी माझ्या ऐकण्यात आली, त्यांत विजेवरील वाद्यांचा गजर इतका, की टिळकांच्या शब्दांतील मार्दव ऐकूच येत नाही.

खानदेशातील ख्रिस्ती मंडळ्यांतून जुन्या चाली म्हणणाऱ्या आजीबाई अद्याप आहेत. त्यांच्यासमोर यंत्र ठेवावे, पेटी बंद करावी, केवळ टाळ राहू द्यावा. गाणारीचे नाव, मौजे, आणि चाल कोणाकडून आली याची नोंद करावी. आणि एकच भजन दोन गावांत दोन तऱ्हांनी म्हटले गेले, तर त्यांतील कोणतीही तऱ्हा दुरुस्त करू नये.