बुडण्याची लय

नर्मदेच्या खोऱ्यातल्या धरणविरोधी आंदोलनाच्या दोन घोषणा मोठ्याने म्हणून पाहाव्यात. पहिली, ‘कोई नहीं हटेगा, बाँध नहीं बनेगा’. मात्रा मोजल्या तर पहिल्या तुकड्यात १२, दुसऱ्यात ११. ‘कोई’च्या चार, ‘बाँध’च्या तीनच. ही एक मात्रा भरून काढायला गळा आपोआप ‘बाँ’वर रेंगाळतो आणि ज्याला विरोध करायचा, तोच शब्द सगळ्यांत जड होऊन बाहेर पडतो. ‘हटेगा–बनेगा’ मात्र एकाच मापाचे, त्यामुळे पावलं बरोबर तिथे पडतात. चालणाऱ्या जमावाची घोषणा आहे ही.

दुसरी, ‘डूबेंगे, पर हटेंगे नहीं’. ही चालता चालता नीट म्हणताच येत नाही. ‘डूबेंगे’त सलग तीन गुरू अक्षरं, घाईला जागाच नाही. मग ‘पर’, आणि एक श्वास. ‘हटेंगे’च्या लघु ‘ह’वर वेग जरासा वाढतो, तो ‘नहीं’च्या दीर्घ ईकारावर येऊन अडतो. पहिलीत ‘कोई’ होतं. इथे म्हणणारा स्वतः क्रियापदात शिरला आहे.

अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात बुडालेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. १९९३ च्या पावसाळ्यात पाणी घरांपर्यंत चढलं, पोलिसांनी माणसांना उचलून हलवलं. घाई होती ती पाण्याला आणि बंदोबस्ताला. या दुसऱ्या घोषणेला नव्हती.

जब्बार पटेलांच्या ‘सामना’ या चित्रपटात निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटीलही संथ बोलतो. पण मधे तोंड घालायची कुणाची छाती नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याचा संथपणा सत्तेतून येतो, आणि निळूभाऊंनी तो इतका अचूक पकडला आहे की आवाज चढवायची गरजच पडत नाही. मणिबेलीच्या तडवी-वसाव्यांना असा कसलाच भरवसा नव्हता. वेळ त्यांच्या हाती नव्हता, तरी शब्दाला पुरता वेळ दिला गेला. मला हा संथपणा फार मोठा वाटतो.

आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) हा माहितीपट कान देऊन पाहावा. या घोषणेची पडद्यावरची इंग्रजी ओळ डोळा एका क्षणात वाचून टाकतो, आणि निर्धार आधीच कळून चुकतो. कानाला मात्र ‘पर’पर्यंत थांबावं लागतं. तेवढा वेळ ऐकणाऱ्याच्या वाट्याला फक्त ‘डूबेंगे’ येतं.