धान्य, राज्य आणि घाटमाथा : एका सिद्धान्ताचे परीक्षण

नित्याच्या अन्नाने मानवी इतिहास घडविला, या विधानास आता विद्वानांत फारसा विरोध उरलेला नाही. वाद आहे तो हे घडणे कोणत्या मार्गाने झाले याविषयी. जेम्स स्कॉट यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या 'अगेन्स्ट द ग्रेन' या ग्रंथात त्याचे एक निश्चित उत्तर दिले आहे. गहू, जव, तांदूळ, मका आणि भरड धान्ये यांचे पीक जमिनीवर उभे दिसते, ठरावीक वेळी पक्व होते, मोजता, वाटता, साठविता व वाहून नेता येते. त्यामुळे त्यावर कर बसविणे सुकर होते. आद्य राज्ये धान्याच्या प्रदेशात उभी राहिली, कंदमुळांच्या प्रदेशात नाहीत, त्याचे कारण हेच, असे ते प्रतिपादितात. २००९ च्या आपल्या पूर्वग्रंथात त्यांनी आग्नेय आशियातील डोंगरी समाजांची शेती ही राज्यापासून दूर राहण्याची युक्ती मानली होती. दोन्ही मते एकत्र घेतली म्हणजे सखल भागी धान्य आणि राज्य, डोंगरावर कंद आणि स्वातंत्र्य, असे चित्र उभे राहते. ते सह्याद्रीस कितपत लागू पडते, हे पाहणे अगत्याचे आहे.

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे गाव या परीक्षेस योग्य आहे. गाव ऐन घाटमाथ्यावर. पश्चिमेस कड्याखाली मुरबाडचा मुलूख, पूर्वेस घोड नदीचे खोरे. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. खाचरांत भात, उतारावर नाचणी, वरई व सावा, आणि रानात हिरडा, असा येथील उपजीविकेचा परंपरागत क्रम. उतारावरच्या असल्या जमिनीस महसुली भाषेत 'वरकस' म्हणतात. तीत काही वर्षे पीक घ्यावयाचे व मग ती पड टाकावयाची, अशी रीत होती.

आता नाचणी स्कॉट यांच्या प्रत्येक कसोटीस उतरते. किंबहुना साठवणीच्या बाबतीत ती तांदुळास मागे टाकते. तिला वर्षानुवर्षे कीड लागत नाही. तथापि तिच्या बळावर या माथ्यावर राज्य उभे राहिले नाही. धान्याचा प्राचीन लेखी पुरावा आढळतो तो नाणेघाटाच्या व्यापारावर वाढलेल्या जुन्नरास. तेथील लेण्यांतील एका शिलालेखात 'धंञिकसेणि' म्हणजे धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे धान्य मोजता येण्याजोगे असणे पुरेसे नाही. ते मोजणारी पेठ व तेथवर पोहोचणारी वाट हवी. जमिनीचा चढ आणि पडीचा काळ यांनी जे अवघड केले, ते दाण्याच्या गुणांनी सोपे झाले नाही. महसूल व्यवस्थेने वरकस हा स्वतंत्र वर्ग पाडून त्यावर भातजमिनीपेक्षा हलका आकार बसविला, यातच या अडचणीची कबुली आहे.

दुसरे असे, की डोंगर राज्यापासून अलिप्तही नव्हता. मराठी अमलात घाटवाटांची राखण कोळी नाइकांकडे असे. मीठ कोकणातून घाटानेच वर येई. धान्याच्या कराने न बांधलेला समाज वाटेच्या चाकरीने बांधलेला होता.

भाषेचा पुरावा या चर्चेत सहसा घेतला जात नाही. 'भात' हा शब्द संस्कृत 'भक्त' यापासून आला. त्याच्या मुळाशी 'भज्' म्हणजे वाटणे हा धातू आहे. स्कॉट यांची वाटणीची कसोटी या शब्दातच साठलेली आहे. 'सावा' हा 'श्यामाक' याचा वंशज. मात्र शब्दांवर विसंबण्यासही मर्यादा आहे. 'बटाटा' हा शब्द आपली पोर्तुगीज वाट उघड सांगतो. उलट नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतील असूनही तिच्या मराठी नावात त्या प्रवासाचा मागमूस नाही. परकी नाव नसणे म्हणजे धान्य मूळचे इथलेच, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे होय.

शब्दांतील प्रतिष्ठेचा क्रम मात्र विश्वसनीय आहे. घाटावरच्या घरी वरई हे जेवण. शहरात तीच उपवासाची 'भगर' किंवा 'वरीचे तांदूळ'. तिला तांदुळाचे नाव उसने मिळाले, पण धान्यात गणना झाली नाही, म्हणूनच ती उपवासास चालली. राज्याच्या दप्तराने व धर्माच्या आचाराने तिला वेगवेगळ्या कारणांनी एकाच ठिकाणी, म्हणजे धान्याच्या सीमेबाहेर, बसविले.

२०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले व भारत सरकारने या धान्यांस 'श्रीअन्न' हे नाव दिले. परंतु २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदुळास किलोमागे ३ रुपये, गव्हास २ आणि भरड धान्यास १ रुपया असा दर ठरला होता. २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले, तरी कायद्याने लावलेला तो क्रम जुन्या प्रतवारीचाच होता. पूर्वी राज्याला वरकस उतारावरून धान्य खाली नेणे जड जाई. आज राज्याचे गहू-तांदूळ शिधापत्रिकेवर घाटमाथा चढतात. जे कराला साधले नाही ते शिध्याला साधण्याचा संभव आहे, आणि उतारावरची नाचणी पेरण्याचे कारण त्यामुळे घटते. धान्य राज्य घडविते, हे स्कॉट यांचे म्हणणे ग्राह्य आहे. राज्यही कोणत्या दाण्यास धान्य म्हणावयाचे ते ठरविते, ही त्याची दुसरी बाजू होय. आहुप्याच्या उतारावर तीच अधिक महत्त्वाची ठरते.