'प्रोजेक्ट लाइटस्पीड': प्रकाशवेगाची गोष्ट आणि २३ वर्षं

जर्मनीतल्या मराठी मंडळींत इम्युनॉलॉजीचा पोस्टडॉक सापडला, की त्याला संशोधनापेक्षा जास्त वेळा विचारलं जातं ते "या क्षेत्रातला कुठला शेअर घेऊ?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा बायोएनटेक असते, आणि पुष्कळांनी 'प्रोजेक्ट लाइटस्पीड' हे पुस्तकही वाचलेलं असतं. 'फायनान्शियल टाइम्स'चा तेव्हाचा फ्रांकफुर्टचा बातमीदार जो मिलर यानं ते ओझलेम त्युरेजी आणि उगुर शाहिन या बायोएनटेकच्या संस्थापक दांपत्यासोबत लिहिलं. ते २०२१ मध्ये आलं. पुस्तक जरूर वाचावं असं आहे. पण ते वाचून पैसे गुंतवणार असाल, तर त्यात काय मागे पडलं आहे तेही पाहायला हवं.

आधी जमेची बाजू. जानेवारी २०२० मध्ये 'लॅन्सेट'मधला एक शोधनिबंध वाचून शाहिन यांना साथीचा अंदाज आला आणि कर्करोगावर काम करणारी माइन्त्सची ही कंपनी लशीकडे वळली. हा भाग मिलरनं छान रंगवला आहे, तोही विज्ञान पातळ न करता. एप्रिलमध्ये त्यांनी एक नव्हे, चार वेगवेगळ्या लशींच्या चाचणीची परवानगी मिळवली. कुठली चालेल हे त्यांनाही आधी सांगता येत नव्हतं. गुंतवणूकदारासाठी पुस्तकातली सगळ्यांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते, आणि ती सहज नजरेतून सुटते.

सुटते याचं कारण पुस्तकाचं नाव. प्रकाशवेग म्हटल्यावर लक्षात राहतात ते २०२० मधले अकरा महिने. याच दांपत्याची पहिली कंपनी गॅनिमेड आठवून पाहा. ती २००१ मध्ये स्थापन झाली आणि २०१६ मध्ये जपानच्या अॅस्टेलासनं सुरुवातीला ४२.२ कोटी युरो देऊन विकत घेतली. तिचं जठराच्या कर्करोगावरचं अँटिबॉडी औषध, झोल्बेटुक्सिमॅब, युरोप-अमेरिकेत मंजूर झालं २०२४ मध्ये. स्थापनेपासून २३ वर्षांनी! पुस्तक आलं तेव्हा ही गोष्ट अर्धीच घडली होती, त्यामुळे मिलरला दोष देता येणार नाही. पण आज वाचणाऱ्यानं ती जोडून वाचावी.

एवढी वर्षं थांबलं कोण? थोमास आणि आंद्रेआस श्ट्र्युंगमान या जुळ्या भावांनी २००५ मध्ये आपली हेक्झाल ही औषध कंपनी नोव्हार्टिसला विकली होती. २००८ मध्ये बायोएनटेकच्या पाठीशी प्रामुख्यानं तेच उभे राहिले. कंपनीची पहिली लस बाजारात यायला १२ वर्षं लागली. तेवढी वर्षं पैसे अडकले तरी त्यांच्या घरचं काही अडणार नव्हतं. आपल्यातल्या बहुतेकांचं तसं नसतं. इथला व्हिसा नोकरीवर टांगलेला, तिकडे फ्लॅटचा हप्ता, आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च. पैसे नेमके पडत्या बाजारातच काढावे लागतात.

दुसरी मागे पडलेली गोष्ट ट्युबिंगेनची. क्युअरव्हॅक २००० मध्ये स्थापन झाली, म्हणजे एमआरएनएच्या वाटेवर बायोएनटेकच्या कितीतरी आधी. जून २०२० मध्ये खुद्द जर्मन सरकारनं तिच्यात ३० कोटी युरो घालायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये शेअर १६ डॉलरना बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी तिपटीवर गेला. जून २०२१ मध्ये लशीची परिणामकारकता अवघी ४७ टक्के दिसली आणि शेअर एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त घसरला. क्युअरव्हॅकनं आरएनए नैसर्गिक रूपातच ठेवला होता. बायोएनटेकच्या यशस्वी लशीत युरिडिन हा घटक बदललेला होता. तो बदल नसेल तर प्रतिकारशक्ती लशीच्या आरएनएवरच भडकते आणि मात्रा वाढवता येत नाही. नवे विषाणूप्रकारही आडवे आले. हे आज मी चार ओळींत सांगू शकतो, पण २०२० मध्ये दोन्ही बाजूंना जाणते शास्त्रज्ञ होते. अखेर जून २०२५ मध्ये बायोएनटेकनंच क्युअरव्हॅक विकत घ्यायचं जाहीर केलं, शेअरमागे साधारण साडेपाच डॉलर या भावानं. नायकांसोबत बसून लिहिलेल्या पुस्तकात अशा हरलेल्यांचं मोल वाचकाला पुरतं कळत नाही.

विज्ञान जमलं तरी वेळ हुकू शकते. पुण्याच्या जेनोव्हाच्या एमआरएनए लशीला आपत्कालीन परवानगी मिळाली जून २०२२ मध्ये. तोवर भारतात इतर लशींचे कोट्यवधी डोस देऊन झाले होते.

आणि विज्ञान, वेळ दोन्ही जमले तरी भाव उरतोच. बायोएनटेकचा शेअर ऑक्टोबर २०१९ मध्ये १५ डॉलरना आला आणि पहिल्या दिवशी त्याखालीच बंद झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये तो ४०० डॉलरपलीकडे होता. त्या वर्षी कंपनीनं दहा अब्ज युरोंहून जास्त नफा कमावला. पण पुढची काही वर्षं शेअर शंभर डॉलरच्या आसपासच घुटमळला. पुस्तक ताजं असताना वाचून भारावून जाऊन ज्यांनी शेअर घेतला, त्यांनी कंपनी अगदी बरोबर निवडली होती. तरी त्यांचे निम्म्याहून जास्त पैसे गेले.

तेव्हा "कुठला शेअर?" याचं उत्तर माझ्या डॉक्टरेटमध्ये नाही. इम्युनॉलॉजी शिकून रेणू कसा वागतो हे थोडंफार कळतं. तिसऱ्या टप्प्यातली चाचणी काय दाखवील आणि बाजारानं त्याची किंमत आधीच लावली आहे का, हे कळत नाही. या क्षेत्रात पैसे घालायचेच असतील, तर दहा-बारा वर्षं लागणार नाहीत आणि बुडाले तरी घर चालेल, एवढेच घाला. तेही एका कंपनीत नको, अनेकांत विभागून. शाहिन आणि त्युरेजी यांनीही एकाच लशीवर सगळं लावलं नव्हतं. पुस्तकातलं ते प्रकरण पुन्हा वाचा.