उद्या पिचर कोण?

कथा, कादंबरी, नाटक, कविता, झालंच तर प्रवासवर्णन, या सगळ्यांवर आपल्याकडे भरपूर समीक्षा झाली. एका प्रकाराकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. तो प्रकार म्हणजे सामन्याच्या आदल्या रात्रीची चर्चा. ही चर्चा रोज नवी होते, हजारो माणसं ती तोंडपाठ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रद्दीत जाते. मी बी. कॉम. आहे. आमच्या अभ्यासक्रमात समीक्षा नव्हती, ऑडिट होतं. तेव्हा पुढच्या मजकुरात रसग्रहण कमी आणि तपासणी जास्त आढळली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

ही चर्चा मी ऐकली अमेरिकेत, सेंट लुईसला. धाकटी बहीण तिथे असते. रजा साठली होती, एल. एफ. सी.त अमेरिका बसत नाही, म्हणून तिकीट मेहुण्यांनी काढलं. सेंट लुईस हे बेसबॉलचं गाव. तिथल्या कार्डिनल्स संघाने वर्ल्ड सिरीज अकरा वेळा जिंकली आहे, आणि ही गोष्ट तुम्ही विचारा न विचारा, केस कापणारासुद्धा सांगतो. मी होतो त्या आठवड्यात शिकागोचे कब्ज तीन सामने खेळायला येणार होते. गावात तयारी अशी, की जणू व्याही येणार आहेत आणि मागच्या लग्नातलं मानपानाचं भांडण अजून मिटलेलं नाही.

आता क्रिकेटवाल्यांसाठी थोडा खुलासा. आपल्याकडे षटक संपलं की गोलंदाज बदलतो. बेसबॉलमध्ये पिचर एकदा उभा राहिला की मॅनेजर काढेपर्यंत तोच टाकतो, आणि एकदा काढला की त्या दिवशी पुन्हा येत नाही. सीझन एकशे बासष्ट सामन्यांचा. एक खांदा रोज पुरणार कसा? म्हणून साधारण पाचजण आळीपाळीने सुरुवात करतात. आमच्या शाखेत कॅशवर कोणाची पाळी हे जसं आधी ठरलेलं असतं, तसं शुक्रवारी कोण, शनिवारी कोण, रविवारी कोण हे गावाला आधीच ठाऊक असतं. मग सुरू होते पत्रिका जुळवणी. आपला शुक्रवारचा त्यांच्या शुक्रवारच्या समोर ठेवायचा. हा डावरा, तो उजवा. नऊ डावांमागे हा सरासरी किती धावा देतो, तो किती देतो. व्याजाचा दर लावावा तसे आकडे दोन दशांशांपर्यंत. छत्तीसपैकी किती गुण जुळले ते पाहून रात्री बाराला निकाल जाहीर होतो आणि मंडळी झोपायला जातात.

तपासणीतली पहिली हरकत इथेच. ‘पिचर’ हा शब्द मराठी कानाला ‘पिक्चर’सारखा लागतो, आणि त्यात फारसं बिघडत नाही. पोस्टरवर दोन हिरो एकमेकांकडे डोळे वटारून उभे. आत जाऊन बसावं तर दोघांचा एकत्र असा एकही सीन नाही! आपल्याकडे ‘गावसकर विरुद्ध होल्डिंग’ म्हटलं की दोघं बावीस यार्डांवर समोरासमोर असायचे. एकाच्या हातात चेंडू, दुसऱ्याच्या हातात बॅट; भांडण सरळ. इथे आपला पिचर त्यांच्या नऊजणांना टाकणार आणि त्यांचा आपल्या नऊजणांना. पूर्वी पिचरला निदान बॅट घेऊन यावं लागे, त्या निमित्ताने गाठ पडायची. अमेरिकन लीगने १९७३ साली पिचरच्या जागी दुसरा फलंदाज आणला आणि नॅशनल लीगने २०२२ पासून ते कायमचं केलं. आता एक उंचवट्यावर असतो तेव्हा दुसरा बाकावर बसून पाणी पितो. हा म्हणजे दोन शाखांतल्या कॅशिअरांचा सामना झाला. ज्याने त्याने आपापली रांग निस्तरायची आणि संध्याकाळी टोटल लावून कोण जिंकलं ते ठरवायचं.

‘‘मग हे दोघं एकमेकांशी लढतात कुठे?’’ मी भाच्याला विचारलं.

‘‘मामा, तू ना सगळं लिटरल घेतोस,’’ तो म्हणाला.

पोरगं सोळा वर्षांचं, पण मुद्दा खोटा नव्हता. अठरा माणसं रात्रभर डोक्यात धरून झोप लागत नाही. दोन धरता येतात. कुरुक्षेत्रावर अठरा अक्षौहिणी सैन्य होतं म्हणतात, आपल्या लक्षात राहिले कर्ण आणि अर्जुन. तेव्हा ही हरकत मी किरकोळ सदरात टाकतो.

त्यातून अलीकडे मॅनेजर लोक या चर्चेची थट्टाही करू लागलेत. २०१८च्या ऑक्टोबरात मिलवॉकी आणि लॉस एंजेलिस यांच्यात नॅशनल लीगच्या अजिंक्यपदाची झुंज चालू होती. पाचव्या सामन्यात डॉजर्सकडून क्लेटन कर्शॉ आणि मिलवॉकीकडून वेड मायली, अशी जोडी जाहीर झाली. मायली डावरा, म्हणून डॉजर्सनी त्याच्यासाठी खास उजवे फलंदाज निवडले. मायलीने एका फलंदाजाला टाकलं आणि तो चालता झाला! त्याच्या जागी आला उजव्या हाताचा वुडरफ. खिडकी उघडून एक गिऱ्हाईक केलं आणि ‘शेजारच्या खिडकीवर जावे’ ही पाटी लावली, असा प्रकार. मायली पुढच्या सामन्यात पुन्हा सुरुवातीला हजर. एवढी हुशारी करून पाचवा सामना मिलवॉकी ५-२ हरली ते निराळं. पण आदल्या रात्री ज्यांनी मायलीचे गुण जुळवले त्यांनी कोणाकडे दाद मागायची?

दुसरी हरकत मात्र गंभीर आहे, आणि तिच्यासाठी १९६८ साली जावं लागेल. त्या वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये कार्डिनल्स आणि डेट्रॉइटचे टायगर्स समोरासमोर आले. कार्डिनल्सचा बॉब गिब्सन नऊ डावांमागे धावा द्यायचा सरासरी १.१२. टायगर्सच्या डेनी मॅक्लेनने त्या सीझनमध्ये एकतीस सामने जिंकले होते. तिशी त्यानंतर आजवर कोणी गाठलेली नाही. अशी जोडी जुळल्यावर चर्चेला दुसरा विषय हवा कशाला? गिब्सन-मॅक्लेन, मॅक्लेन-गिब्सन. पहिल्या सामन्यात गिब्सनने सतराजणांना स्ट्राइकआउट केलं. चौथ्यात त्याने मॅक्लेनला पुन्हा हरवलं. कार्डिनल्स ३-१ पुढे. चार जिंकला की संपलं. चर्चा अक्षर न् अक्षर खरी ठरत होती.

फक्त मधल्या जागेत मिकी लोलिच नावाचा एक डावरा होता. जरा पोट सुटलेला. ऑगस्टमध्ये त्याला सुरुवात करायलाही देत नव्हते, मागे राखीव पिचरांत बसवलं होतं. त्याने दुसरा सामना जिंकून दिला आणि वर बॅटने होम रनही मारला, आयुष्यातला एकुलता एक. मग पाचवा जिंकला. सहावा मॅक्लेनने काढला. सातव्याला समोर खुद्द गिब्सन, आणि लोलिचला विश्रांती दोन दिवसांची. सहा डाव दोघांनीही धाव दिली नाही. सातव्यात नॉर्थरपचा फटका कर्ट फ्लडच्या डोक्यावरून गेला आणि टायगर्स ४-१ जिंकले. लोलिच तिन्ही सामने पुरे नऊ डाव टाकून जिंकला. पिचरांचं त्या वर्षी एवढं फावलं होतं, की १९६९पासून त्यांचा उंचवटा पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणला. लोलिचने पुढे निवृत्त झाल्यावर डोनटचं दुकान काढलं.

बहिणीच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ राहतात. १९६८ला ते शाळेत होते. त्यांनी ती सिरीज मला दोनदा ऐकवली, कुंपणावर कोपर टेकून. गिब्सनचे सतरा, मॅक्लेनचे एकतीस, आणि शेवटी फ्लडचा पाय कसा घसरला ते. घसरलेला पाय दोन्ही वेळा आला. लोलिचचं नाव एकदाही नाही. पन्नासहून अधिक वर्षं झाली, पण आदल्या रात्री ज्या चर्चेत तो नव्हता त्या चर्चेत त्याला अजून शिरू दिलेलं नाही.

हे मला लागलं. आमच्या कचेरीतही वार्षिक फोटोत साहेब बसतात, त्यांच्या शेजारी पाहुणे बसतात, आणि मार्चअखेरीला रात्री दहापर्यंत थांबून ज्याने खाती जुळवली तो फोटो काढणाऱ्यासाठी चहा आणायला गेलेला असतो. म्हणून ऑडिटच्या शेऱ्यात मी लिहिणार होतो: चर्चेत यापुढे तिसरं नाव घ्यावं. भाच्याला ते बोलून दाखवलं. त्याने जरा विचार केला आणि विचारलं, ‘‘चालेल. पण मग सांग ना, या वीकेंडला आपला लोलिच कोण?’’

आता हे आदल्या रात्री सांगायचं कसं? आधी कळला असता तर तो पोस्टरवरच नसता का? शेरा मी खोडला नाही, फक्त त्यापुढे ‘पूर्तता सामन्यानंतर’ असं लिहिलं. चर्चा फुकट असते आणि तिकिटाला पैसे पडतात, ते बहुधा याच माणसासाठी.