चार रकान्यांतील देव

गेल्या गणपतीत बंगळुरूहून आलेल्या भाच्याने माझ्यापुढे एक तक्ता ठेवला. त्यात चार रकाने होते : देवतेचे नाव, वृत्ती, अधिकारक्षेत्र आणि चिन्ह. "मामा, खंडोबाला यात बसवून द्या ना. नाव नि चिन्ह जमलं, मधले दोन रकाने अडलेत."

तो आणि त्याचे मित्र दर रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळतात. या खेळाला पट लागतोच असे नाही. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि तलवारीचा वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. यंदा सूत्रधारपण भाच्याकडे होते. त्याला आपल्या कल्पित मुलखासाठी देव हवे होते आणि त्या देवांत एक आपल्याकडचा हवा होता. तक्त्याचे ते चार रकाने मात्र त्याचे नव्हते. या खेळाच्या २०१४ च्या खेळाडू-पुस्तकाच्या परिशिष्टात देवांच्या याद्या नेमक्या तशाच छापल्या आहेत. ग्रीक, मिसरी, नॉर्स, केल्टिक असे सगळे देव तिथे एकेका ओळीत उभे आहेत. भारतीय देव त्या यादीत नाहीत. पूर्वी होते, आणि तीच हकीकत वाचण्यासारखी आहे.

त्याच्याकडची जुनी-नवी पुस्तके मी सुटीत वाचून काढली. देवांची थट्टा केली असेल या समजुतीने जरा बाह्या सरसावूनच बसलो होतो. अस्वस्थ झालो खरा, पण कारण निराळेच निघाले.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी प्रसिद्ध केला. त्यात लढवय्या आणि जादूगार यांच्या जोडीला 'क्लेरिक' म्हणजे हाती गदा घेतलेला पुरोहित आहे. तो का आला? अर्नेसनच्या घरगुती खेळात एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच्च होऊन इतरांना आवरेनासे झाले, त्याला उतारा म्हणून. म्हणजे पुरोहित आला तो नियमांची गरज म्हणून; त्याचा देव कोण, हे कुणी विचारलेच नव्हते. पुढे गायगॅक्सच्या खेळाडूंना आपण प्रार्थना करतो ती कुणाची असा प्रश्न पडला, तेव्हा त्याने दोन नावे पुढे केली, कथबर्ट आणि फोल्टस. त्यातला कथबर्ट हे सातव्या शतकातल्या एका खऱ्या इंग्रज संताचे नाव आहे! आधी पुजारी, मग देव. आपल्याकडेही काही देवळांच्या बाबतीत असे झाल्याचे जाणकार सांगतील, पण तो विषय वेगळा.

मग १९७६ मध्ये रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांचे 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज' आले. त्याची प्रस्तावना टिमोथी कास्क या संपादकाने लिहिली आहे. काही खेळाडूंची पात्रे चाळिसाव्या पायरीच्याही वर जाऊन बसली होती. अशांना, बाबांनो, प्रत्यक्ष ओडिन देवाचे बळ एवढे, मग तुम्ही कोण लागून गेलात, असे ऐकवणे हा त्या पुस्तकाचा एक हेतू होता. परिणाम उलटा झाला. देवाला किती घाव सोसवतात याचा आकडा एकदा छापला की तेवढे घाव घालून बघू असे म्हणणारा निघतोच, आणि पुष्कळ खेळाडूंनी ते पुस्तक राक्षसांच्या यादीसारखे वापरले. १९८० च्या 'डीटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये तर झ्यूस आणि ओडिन दोघांना ४०० 'हिट पॉइंट्स' आहेत. याच ग्रंथात इंद्र, अग्नी, वरुण, विष्णू, यम अशी आपली मंडळीही येतात, मोठे देव व धाकटे देव अशा प्रतवारीने. वेदात तर ज्याची स्तुती चालू असेल तोच देव त्या घटकेपुरता सर्वश्रेष्ठ असतो. मॅक्समुल्लरने त्याला इंग्रजीत वेगळे नावही दिले. ही प्रतवारी करताना त्याची आठवण कुणाला झालेली दिसत नाही. वृत्तीसाठी नऊ घरांचा तक्ता आहे : एका बाजूला शिस्तप्रिय, तटस्थ, स्वैर, दुसऱ्या बाजूला सुष्ट, तटस्थ, दुष्ट. त्यात काली पडली आहे 'स्वैर व दुष्ट' या घरात.

हे वाचून माझे पित्त खवळले, नाही असे नाही. अमेरिकेतल्या धार्मिक मंडळींचेही खवळले होते, अर्थात कालीसाठी नव्हे. हा खेळ म्हणजे सैतानाची उपासना असे त्यांचे म्हणणे. त्या गदारोळात १९८५ साली पुस्तकाचे नाव बदलून 'लेजंड्स अँड लोअर' करण्यात आले. परंतु राग ओसरल्यावर मला वाटू लागले की देवाला घाव लागतो हा काही अपराध नव्हे. इलियडमध्ये डायोमिडीज हा माणूस ॲफ्रोडाइटीला जखमी करतो, युद्धदेव एरीजलाही भाला मारतो. आपल्या पुराणांत तर दर चार अध्यायांनी इंद्र पळताना दिसतो. होमरला देवाला लागलेला घाव चालतो, कारण त्या घावाला कथा आहे. घायाळ देवी आईच्या मांडीवर जाऊन रडते. पुस्तकातल्या ४०० ला कथा नाही. देव आहे, त्याचे खाते आहे, हत्यार आहे. पण त्याला कोण भजते, कोणत्या दिवशी, कशाच्या नवसाने, याचा पत्ता नाही. अशी माहिती मंत्रिमंडळाच्या खातेवाटपाची असते.

'फरगॉटन रेल्म्स' हा या खेळाचा एड ग्रीनवुडने निर्माण केलेला सर्वांत लोकप्रिय मुलूख. तिथे खातेवाटपाची ही कल्पना टोकाला गेली आहे. देव आपली कामे करीत नाहीत म्हणून आओ नावाचा वरिष्ठ त्यांना स्वर्गातून हाकलून भूमीवर पाठवतो आणि पुढे प्रत्येक देवाचे बळ त्याच्या भक्तांच्या संख्येवर ठरते. १९८९ मध्ये ही कथा कादंबऱ्यांतून आली, आणि त्याच साली खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतून मारेकरी हा पात्रांचा वर्ग काढून टाकला गेला. मग कथेत काय घडले? बेन नावाच्या देवाने स्वतःची शक्ती वाढवण्यासाठी जगातले सगळे मारेकरी मारून टाकले! नियमपुस्तकात खोडाखोड झाली म्हणून पुराणात संहार झाला. इतक्या प्रामाणिकपणे रचलेले पुराण मी तरी पाहिलेले नाही. भक्तसंख्येची कल्पना मुळातली चांगली आहे. फ्रिट्झ लायबरच्या १९५९ च्या एका कथेत देवांचा एक रस्ताच आहे. ज्याची लोकप्रियता वाढते तो देव वेशीकडून हळूहळू गढीच्या बाजूला सरकत जातो. पण लायबर ते हसत लिहितो. इथे हसू कुणालाच येत नाही.

भाच्याच्या पेटीत तळाशी असलेल्या 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' या पुस्तकाने मात्र मला दोन रात्री जागवले. १९७९ चे हे पुस्तक 'रूनक्वेस्ट' या दुसऱ्या खेळासाठी ग्रेग स्टॅफर्ड व सहकाऱ्यांनी लिहिले. स्टॅफर्ड २०१८ साली वारला. 'ग्लोरांथा' हे कल्पित जग त्याने १९६६ पासून रचत आणले होते. इथेही नियम आणि आकडे आहेतच, पण प्रकरण सुरू होते ते देवाच्या कथेने. मग त्याचा पंथ, पंथात शिरण्याच्या अटी, मित्रपंथ, मेल्यावर भक्ताचे काय होते, हे सारे येते. मधून मधून एका फिरत्या व्यापाऱ्याची रोजनिशी आहे. तो गावोगाव माल विकत जातो आणि वाटेत भेटणाऱ्या माणसांतून आपल्याला देव भेटत जातात. वादळाचा देव ऑर्लांथ सूर्यसम्राट येल्मला मारतो, जग अंधारात बुडते, तेव्हा तोच पाताळात उतरून त्याला परत आणतो. ऑर्लांथचे भक्त ही कथा प्रायश्चित्ताची म्हणून सांगतात. सूर्यभक्तांच्या कथेत तोच ऑर्लांथ बंडखोर आहे. कोणाचे खरे, हे लेखक सांगत नाही. आणि भक्त विधीतून देवाच्याच वाटेने चालून त्याचे कृत्य पुन्हा करू शकतो. ज्याने गोंधळ किंवा दशावतार रात्रभर बसून पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दोष या पुस्तकातही आहे. नावांचे जंगल फार. पंधरा पानांत मी तीनदा मागे वळलो, आणि भाच्याने तर ते अर्धवटच सोडले होते.

राहिला खंडोबा. मी खरोखरच तो तक्ता भरायला बसलो. नावाच्या रकान्यात खंडोबा, मैलार, मल्लय्या, मल्लण्णा, मुसलमान भक्तांचा मल्लूखान. रकाना तिथेच भरला. आपल्या जिल्ह्यातल्या मंगसुळीला मराठी आणि कानडी दोन्ही घरे एकाच देवाला भंडारा वाहतात, आणि इकडचा वाघ्या व तिकडचा गोरव दोघेही देवाचे कुत्रे होऊन भुंकतात. अधिकारक्षेत्र काय लिहू? मेंढरे म्हणू, तर म्हाळसा वाण्याची लेक. व्यापार म्हणू, तर बाणाई धनगराची. वृत्तीच्या रकान्यावर पेन्सिल ठेवली आणि मणी आठवला. मणी व मल्ल हे दोन दैत्य देवाने मारले, परंतु मरताना मणी शरण आला म्हणून जेजुरीला त्याचीही पूजा होते. मल्लाचे शिर पायरीशी, भक्तांच्या पायाखाली. शत्रूला देवळात जागा देणाऱ्याला नऊपैकी कोणते घर द्यावे? रा. चिं. ढेरे यांनी १९८४ मध्ये विठ्ठलाला 'महासमन्वय' म्हटले ते उगाच नव्हे. असे देव माणसांच्या ये-जा करण्याने घडतात, आणि सीमेवर ही ये-जा जास्त.

मी तक्ता कोराच परत केला. सोबत मणि-मल्लाची कथा वहीच्या चार पानांवर लिहून दिली आणि म्हटले, "अरे, रकाने नंतर भर. आधी हे सांगून बघ."

दसऱ्यानंतर त्याचा फोन आला. टेबलावरच्या हावेरीच्या मित्राने दुसऱ्याच वाक्याला "हा तर आमचा मैलार!" म्हणून त्याला थांबवले आणि आपल्या आजीकडून ऐकलेला भाग स्वतः सांगितला. तो थोडा निराळा होता; दोन्ही ठेवले. पुढे लढाई झाली, फासे चांगले पडले, मणी हरला. नियमाप्रमाणे त्याचा आकडा शून्यावर आला की खेळ संपायचा. पण भाच्याने मणीच्या तोंडून क्षमा मागितली. एकजण म्हणाला मारा, एकजण म्हणाला देवाला विचारा, हावेरीचा म्हणाला त्याला देवळाबाहेर बसवा. रात्री साडेअकरापर्यंत फासा कुणी उचललाच नाही.

"मग काय ठरलं?" मी विचारले.

"अजून काही नाही, मामा. पुढच्या रविवारी बसतोय."