हरायचं ठरवलं, तर हरतं नक्की कोण?

२६ मार्च २०१५. अमेरिकेतल्या बफेलो शहरात सेबर्स विरुद्ध ॲरिझोना कायोटीज असा आइस हॉकीचा सामना चालू होता. (हॉकी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद येतात. इथे मात्र बर्फावरची, एनएचएलची हॉकी.) सामना ओव्हरटाइममध्ये गेला, ॲरिझोनाच्या सॅम गॅग्नरने गोल केला आणि बफेलो ३-४ असं हरलं. आणि पदरचे पैसे मोडून, आपल्याच संघाची जर्सी घालून आलेले बफेलोचे प्रेक्षक खूश होऊन ओरडायला लागले. सामन्यानंतर बफेलोचा बचावपटू माइक वेबरने याबद्दलची नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली. त्याच्या जागी कुणीही असतं तरी तेच केलं असतं.

पण प्रेक्षकांना वेड लागलं नव्हतं. त्यांनी गणित केलं होतं, आणि गणित बरोबर होतं.

एनएचएलमध्ये नवीन खेळाडू 'ड्राफ्ट'मधून येतात. गल्ली क्रिकेटमध्ये दोन कॅप्टन आळीपाळीने पोरं मागतात ना, तसंच. फक्त इथली पोरं बहुतेक अठरा वर्षांची असतात आणि पहिली मागणी साधारणपणे सगळ्यात वाईट संघाची असते. दुबळ्याला हात द्यावा, हा हेतू. आपल्या आयपीएलमध्ये ही भानगडच नाही; लिलावात शेवटच्या संघाला जास्तीचं काही मिळत नाही, त्यामुळे मुद्दाम शेवटचं येण्यात फायदाही नाही. ड्राफ्टमध्ये मात्र तळाला जाण्याला बक्षीस आहे. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये दोन विलक्षण मुलं होती: कॉनर मॅकडेव्हिड आणि जॅक आयकल. त्या वर्षीच्या नियमानुसार शेवटच्या संघाला लॉटरीत पहिली निवड मिळण्याची शक्यता २० टक्के होती. पण लॉटरी हरली तरी तो दुसऱ्या क्रमांकाच्या खाली जाणार नव्हता. म्हणजे शेवटचं आलात की दोघांपैकी एक नक्की. त्या रात्री बफेलो शेवटून पहिलं होतं, ॲरिझोना शेवटून दुसरं. हंगामअखेर बफेलोचे ५४ गुण झाले, ॲरिझोनाचे ५६. विजयाला दोन गुण असतात, त्यामुळे एका सामन्याने हे सगळं फिरू शकलं असतं.

मुद्दाम तळाला जाण्याच्या या उद्योगाला 'टँकिंग' म्हणतात. माझा अभ्यास नियम आणि इन्सेंटिव्ह यांचा, त्यामुळे हा प्रश्न मला हटकून विचारला जातो: नव्याने संघ बांधायचाच असेल तर सरळ हरून चांगलं पिक का मिळवू नये? माझं उत्तर 'मिळवू नये' असंच आहे. पण ते खिलाडूवृत्ती वगैरेमुळे नाही. हा प्रश्नच चुकीच्या जागी बघतो, आणि त्यावरचं बरंच संशोधनही तिथेच बघतं, असं मला वाटतं.

आधी संशोधन. बेक टेलर आणि जस्टिन ट्रॉग्डन या अर्थशास्त्रज्ञांचा २००२ चा एक गाजलेला पेपर आहे. विषय बास्केटबॉलचा, एनबीएचा, पण युक्ती देखणी आहे. एनबीएने थोड्याच वर्षांत नियम तीनदा बदलले. १९८३-८४ पर्यंत वाईट कामगिरीला थेट बक्षीस होतं. १९८४-८५ मध्ये प्लेऑफबाहेरच्या सगळ्या संघांना लॉटरीत सारखी संधी दिली, म्हणजे आणखी हरण्यात फायदा शून्य. १९८९-९० पासून पुन्हा वाईट संघाला जास्त संधी. या दोघांनी पाहिलं की प्लेऑफची आशा संपलेले संघ त्यानंतर कसे खेळतात. पहिल्या नियमाखाली ते अपेक्षेपेक्षा जास्त हरले. सारख्या लॉटरीच्या वर्षी हा परिणाम दिसेनासा झाला. तिसऱ्या नियमाखाली परत उगवला. नियमाचा खटका चालू-बंद करावा आणि दिवा तसाच लागावा-विझावा, असं. समाजशास्त्रात इतका स्वच्छ निकाल क्वचितच मिळतो, आणि मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा हुरळून गेले होते.

आता हुरळणं ओसरलंय. अडचण अशी की असा अभ्यास करताना संघाची मुळातली ताकद वेगळी काढावी लागते. नाहीतर दुबळा संघ दुबळा आहे म्हणून हरला की मुद्दाम हरला, हे कळणार कसं? ठीक. पण संघाची ताकदच कुणी मुद्दाम कमी केली असेल तर? मग 'ताकद वेगळी काढली' म्हणताना आपण टँकिंगच वेगळं काढून फेकून दिलं! उरतो तो फक्त मैदानावरचा आळस. आणि हॉकीत टँकिंग मैदानावर होतच नाही, ते ऑफिसात होतं.

बफेलोचंच बघा. २०१५ च्या फेब्रुवारीत जनरल मॅनेजर टिम मरे यांनी मोठा सौदा करून इव्हँडर केनला आणलं. खेळाडू चांगला, पण जखमी. त्या हंगामात तो खेळणारच नव्हता. त्याच महिन्यात गोलरक्षक योनास एन्रोथला डॅलसला पाठवलं. दुसरा गोलरक्षक मिखाल नॉयव्हिर्ट चांगला खेळत होता, तर मार्चच्या सुरुवातीला त्यालाही न्यूयॉर्क आयलंडर्सकडे धाडलं. आइस हॉकीत गोलरक्षक काढून घेणं म्हणजे घराचं दार काढून नेणं. यातला एकेक सौदा वेगळा काढला तर समर्थनीय आहे, भविष्याचा विचार वगैरे. म्हणूनच ते सिद्ध करणं इतकं अवघड जातं. आणि खेळाडू? कायोटीजशी झालेल्या त्या सामन्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात जाऊन त्यांनी त्याच कायोटीजना हरवलं. पुढच्या करारासाठी झगडणाऱ्या खेळाडूला तीन वर्षांनी येणाऱ्या पोराशी काय देणंघेणं? उलट तो पोरगा त्याचीच जागा घेणार असतो.

ही रीत जुनी आहे. १९८३-८४ मध्ये मारियो लेम्यूसाठी पिट्सबर्ग पेंग्विन्स आणि न्यू जर्सी डेव्हिल्स यांच्यात तळाला जाण्याची शर्यत लागली. पिट्सबर्गने रँडी कार्लाइलसारखा बचावपटू विकला, गोलरक्षक रोबेर्तो रोमानोला खालच्या लीगमध्ये पाठवलं आणि ३८ गुणांवर 'यश' मिळवलं, डेव्हिल्स ४१. तेव्हा लॉटरी नव्हती. १९९२-९३ च्या हंगामानंतर ऑटावा सेनेटर्सवर संशयाचं वादळ उठलं आणि १९९५ मध्ये लॉटरी आली. ऑटावाने ज्याच्यासाठी नाव घालवलं तो अलेक्झांडर डेग्ल अपेक्षेच्या जवळपासही पोचला नाही. दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला क्रिस प्रोंगर आज हॉल ऑफ फेममध्ये आहे.

टँकिंगचे समर्थक लेम्यूचं नाव घेतात. घ्यावंच, पिट्सबर्गने १९९१ आणि १९९२ मध्ये स्टॅनली कप जिंकला. पण लेम्यू आल्यावर पहिले चार हंगाम हा संघ प्लेऑफमध्येही गेला नाही, हे कुणी सांगत नाही. बास्केटबॉलमध्ये पाच जण खेळतात आणि तारा बहुतेक वेळ कोर्टवर असतो. हॉकीत मोठ्यातला मोठा फॉरवर्ड साठातली वीस-बावीस मिनिटं बर्फावर असतो, उरलेला वेळ बाकावर बसून बघतो. एक माणूस संघ फिरवतो, हे बास्केटबॉलमधलं सत्य इकडे तसंच्या तसं लागू होत नाही.

पिकची सरासरी किंमत पहिल्या काही क्रमांकांनंतर झपाट्याने उतरते हे अनेक अभ्यासांत दिसतं, आणि मला ते मान्य आहे. पण सरासरीच्या मागे पसारा केवढा! निकिता कुचेरोव्ह ५८ वा निवडला गेला, ब्रेडन पॉइंट ७९ वा. शिवाय पिक नव्हे, पिकची शक्यता विकत घ्यायची असते. आजच्या नियमांत शेवटच्या संघाला पहिली निवड मिळण्याची शक्यता साधारण २५.५ टक्के, आणि तो तिसऱ्यापर्यंत घसरू शकतो. मधली काही वर्षं तर चौथ्यापर्यंत घसरण शक्य होती. २०१७ मध्ये कॉलोराडो ४८ गुणांसह शेवटचं आलं आणि चौथं फेकलं गेलं. त्यांना मिळाला केल मकार, आणि २०२२ मध्ये कप! म्हणजे लॉटरी हरूनही जिंकले. उलट बाजूही सांगते: २०१६ ते २०२५ या दहा लॉटऱ्यांत शेवटच्या संघाच्या वाट्याला पहिली निवड पाचदा आली. नशीब शक्यतेपेक्षा उदार झालं. त्यावर कुणी धोरण आखणार असेल तर माझा नमस्कार.

आता खर्चाची बाजू, जी कोणत्याच पिकच्या तक्त्यात येत नाही. रायन ओरायलीला बफेलोने २०१५ मध्येच आणलं, मॅकडेव्हिडची लॉटरी हुकून आयकल मिळाला त्याच उन्हाळ्यात. तीन हंगामांनंतर, २०१८ च्या एप्रिलमध्ये त्याने सांगून टाकलं की संघाला हरण्याचं काही वाटेनासं झालंय, ते आपल्यातही शिरलंय आणि वर्षभरात खेळावरचं प्रेम अनेकदा उडालं. त्याला सेंट लुइसला विकलं. पुढची गोष्ट मला फार आवडते. ३ जानेवारी २०१९ ला सेंट लुइस ब्लूज अख्ख्या लीगमध्ये शेवटचे होते. तिथेही कुणी 'चला, विका सगळं, पिक घेऊ' म्हणू शकलं असतं. जूनमध्ये त्यांनी कप जिंकला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला ओरायली.

एका संघाच्या किश्श्यावरून सिद्धांत होत नाही, माझे गाइड हे वाचून पहिलं तेच म्हणतील. कबूल. बफेलो वाईट चालवलेला संघ होता, टँकिंगमुळेच बुडाला असं मी छातीठोक म्हणत नाही. पण नेमकं हेच तर सांगायचंय: पिक ही कच्ची डाळ आहे. जो संघ ती शिजवू शकतो त्याला चौथ्या क्रमांकावरही मकार मिळतो. ज्याला शिजवता येत नाही तोच बहुतेकदा तळाला जाण्याची योजना आखतो, कारण ती एकच योजना अशी आहे जी फसली तरी लगेच कळत नाही. यात खरा फायदा मॅनेजरचा असतो. हरणं हीच योजना म्हटल्यावर प्रत्येक पराभव योजनेचं यश ठरतो आणि दोन-तीन वर्षं कुणी जाब विचारत नाही. कोचला ती सवलत नाही. टेड नोलन यांना हातात हा मोडका संघ दिला आणि हंगाम संपताच काढलं. मरे २०१७ पर्यंत टिकले.

म्हणून म्हाताऱ्या खेळाडूंना विकून तरुणांना खेळवणं आणि शेवटचं येण्यासाठी विकणं, यात मी फरक करते. पहिलं करताना तुम्ही शेवटून चौथे-पाचवे आलात तर बिघडलं काय? दुसऱ्यात तुम्ही त्या दोन-तीन जागांसाठी गोलरक्षक विकता, आणि कोवळ्या बचावपटूंना दर रात्री पाच गोल खायला लावता.

नियम बदलून हे थांबेल का? ॲडम गोल्ड नावाच्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने २०१२ मध्ये एमआयटी स्लोनच्या परिषदेत एक साधी कल्पना मांडली: प्लेऑफची आशा गणिताने संपल्यानंतर जो संघ जास्त गुण मिळवेल त्याला पहिली निवड. वाईट संघ लवकर बाद होतो म्हणून त्याला सामने जास्त मिळतात, आणि हरण्याऐवजी जिंकायला कारणही. महिलांच्या पीडब्ल्यूएचएल लीगने २०२४ मध्ये पहिल्याच हंगामापासून ही योजना उचलली. न्यूयॉर्कचा संघ तक्त्यात शेवटचा आला, पण बाद झाल्यावर गुण मिळवून पहिली निवड कमावली आणि सारा फिलिअरला घेतलं. (एका विद्यार्थ्याचा पेपर खरोखर वापरात आला! आमच्या डिपार्टमेंटात हे फ्रेम करून लावावं.) मला ही योजना आवडते. पण मघाचाच आक्षेप इथेही आहे. हंगामाच्या शेवटी प्रयत्न वाढेल, पण हंगामाआधी ऑफिसात संघ मोडणाऱ्याला ती फारशी अडवत नाही. लवकर बाद व्हा, मग थोडे सामने जिंका, असंही कुणी म्हणेल.

बफेलोचं पुढे काय झालं? त्या वर्षीची लॉटरी शेवटून तिसऱ्या एडमंटनने ११.५ टक्क्यांवर जिंकली आणि मॅकडेव्हिड तिकडे गेला. बफेलोला आयकल मिळाला. आधीच्या वर्षीही ते शेवटचे होते, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर सॅम राइनहार्ट मिळाला होता. २०२१ मध्ये दोघांनाही विकलं. २०११ नंतर सलग चौदा हंगाम बफेलो प्लेऑफबाहेर राहिलं, लीगमधला हा विक्रम. आयकलने २०२३ मध्ये व्हेगासकडून कप जिंकला. त्या व्हेगासला पहिली निवड कधी मिळालेलीच नाही. आणि २४ जून २०२४ ला फ्लोरिडा आणि एडमंटन यांच्यातल्या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात विजयी गोल केला तो राइनहार्टने. त्याच्यासमोर हरलेल्या संघात होता मॅकडेव्हिड.