पोर्टफोलिओतले चेहरे कोणाचे?

कोल्हापुरात पोर्ट्रेट फोटोग्राफी शिकणाऱ्यांचे चार-पाच पोर्टफोलिओ शेजारी ठेवून बघा. तालमीच्या लाल मातीतला मल्ल, रंकाळ्यावर संध्याकाळच्या उजेडात उभी मैत्रीण, फेटेवाले आजोबा, चप्पल शिवणारी मावशी. फोटो बहुतेक वेळा चांगलेच असतात. माझी तक्रार उजेडाबद्दल नाही, निवडीबद्दल आहे.

सुरुवातीला पैसे देऊन मॉडेल आणणं कुणाला परवडतं? म्हणून जो ‘हो’ म्हणेल त्याला बसवायचं आणि वेळेच्या बदल्यात फोटो द्यायचे, असा रिवाज आहे. आपल्या भाषेत हा सोयीचा नमुना. तो घेणं चूक नाही, पण त्याला ‘कोल्हापूरचे चेहरे’ हे शीर्षक देणं चूक आहे. त्यातून कोल्हापूर कळत नाही, फोटो काढणाऱ्याची ऊठबस कळते. तुम्ही ओळखीतल्या पंधरा जणांच्या मुलाखती घेऊन ‘ग्रामीण युवकांचं मत’ लिहाल, तेव्हा हेच होईल.

दुसरा प्रश्न नावाचा. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, लेकीकडून कॅमेरा भेट मिळाला. त्यांचे मॉडेल म्हणजे नातेवाईक, शेजारी आणि घरातल्या मोलकरणी. मेरी हिलियर ही त्यांची मोलकरीण अनेक फोटोंत मॅडोना झाली, आणि तिचं नाव आज आपल्याला माहीत आहे. पुढे कॅमेरॉन सिलोनला गेल्या. तिथल्या १८७८ च्या एका फोटोचं शीर्षक आहे ‘कालुतारा इथल्या शेतकऱ्यांचा गट’. फोटो काढणारी बाई तीच, पण इथे माणसाचा नुसता नमुना झाला.

हे लांबचं वाटत असेल तर जून २०२५ आठवा. मिलानच्या शोमध्ये प्राडानं आपल्या चपलेसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, आणि आपण सगळे भडकलो. भडकणं बरोबरच होतं. २०१९ पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. पण आपल्याच पोर्टफोलिओत त्या मावशीच्या फोटोखाली काय असतं? ‘चप्पल कारागीर, कोल्हापूर’. बस्स.

मीही हेच केलंय. एका मावशींचे फोटो काढले, प्रिंट देतो म्हणालो आणि विसरलो. वर्षभरानं प्रबंधासाठी मुलाखत मागायला गेलो, तर त्यांनी मान वर न करताच विचारलं, “फोटो आणलास काय रं?” मुलाखत मिळाली नाही. त्या गल्लीत नंतर मला कुणीच बसवून घेतलं नाही.

म्हणून पोर्टफोलिओ असो वा क्षेत्रकार्य, आधी चार गोष्टी मराठीत सांगा: फोटो कशासाठी, कुठे दिसेल, तुम्हाला काय मिळेल, आणि नंतर नको वाटलं तर काय करायचं. नाव छापायचं का, हे त्यांनाच विचारा. संशोधनात आपण नाव झाकतो, पण चेहरा दाखवून नाव झाकलं तर संरक्षण कुणाचं झालं? कोण ‘नाही’ म्हणालं, तेही वहीत लिहून ठेवा. तुमच्या नमुन्याची मर्यादा त्या पानावरच सापडेल.

आणि प्रिंट आधी पोचवा. इन्स्टाग्राम नंतर.